थकबाकीचा पहिला महिना



या व्यासपीठावर आजवर कवितेवर, शेतीवर, स्वातंत्र्यलढ्यावर व्याख्यानं झाली. मी आज लाईट बिलावर बोलणार आहे. व्याख्यानमालेचे कार्यकर्ते विषय विचारायला घरी आले तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी जमतो, त्या बाईंनी निवृत्तीनंतरच्या आपल्या सगळ्या रविवारच्या सकाळी याच एका कागदासाठी दिल्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेच्या व्हरांड्यात त्या टेबल मांडून बसायच्या. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागाच्या कारखान्यात जाणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायका घडी घातलेलं बिल पदराखालून काढून त्यांच्यापुढं ठेवायच्या. मी शेजारी बसून वहीत नोंदी करायचे. बाई गेल्या आणि टेबल माझ्याकडं आलं. आज जे सांगणार आहे, ते त्या टेबलावर शिकलेलं आहे.

समोर बसलेली बाई नेहमी शेवटचं बिल दाखवायची. त्यावरचा आकडा सगळ्यांत मोठा आणि भीतीही त्याचीच. बाई तो आकडा बघायच्या आणि विचारायच्या, "पहिलं न भरलेलं बिल कुठलं?" मग पिशवीतून एकेक बिल निघायचं. मे, एप्रिल, मार्च, फेब्रुवारी असं मागं मागं जात त्या पहिल्या चुकलेल्या महिन्याशी पोचायच्या आणि दुसरा प्रश्न करायच्या, "त्या महिन्यात घरी काय झालं होतं गं?" उत्तर कधी नवऱ्याच्या मोडलेल्या पायाचं असायचं, कधी बंद पडलेल्या मागांचं, तर कधी मुलीच्या बाळंतपणाचं. इतक्या वर्षांत मी हजारो उत्तरं वहीत उतरवली. घरात पैसे असताना मुद्दाम बिल बुडवलं, असं सांगावं लागलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

म्हणून मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. थकबाकी एका महिन्यात जन्माला येते आणि पुढचे महिने ती गप्प बसण्यावर वाढते. पहिल्या महिन्यात ती आवाक्यात असते. तेव्हा बिल डब्याखाली सरकवलं जातं, ते लाजेपोटी. दुसऱ्या महिन्यात नवं बिल जुन्याला घेऊन येतं. तिसऱ्या महिन्यात व्याजाचा रकाना भरू लागतो आणि मग घरातलं कुणी ते बिल उघडूनच पाहत नाही. आपण त्या पहिल्या महिन्यात काय करायचं आणि वीज कंपनीनं, शासनानं काय करायला हवं, एवढीच माझ्या बोलण्याची कक्षा आहे.

आधी मिळकतीचं बोलू. विडी कामगार बाईला मजुरी मिळते हजार विड्यांच्या हिशेबानं. जितका माल वळला तितके पैसे. पान खराब आलं, तंबाखू कमी आली, तर त्या आठवड्याचे पैसे कमी. यंत्रमागावरचा कामगार आठवड्याचा पगार घेतो. किराणा रोज आणि उधारीवर. अशा घरात महिन्यातून एकदा एकरकमी मागणारे दोघेच असतात, घरमालक आणि लाईट बिल. घरमालक दारात उभा राहतो, म्हणून त्याला आधी दिलं जातं. बिल बोलत नाही, म्हणून ते मागं राहतं. त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत पंखा रात्रंदिवस फिरतो, त्याचं बिल हातात पडतं मे-जूनमध्ये, आणि नेमकी तेव्हाच शाळा उघडते. आमच्या वहीत पहिला चुकलेला महिना म्हणून जूनइतका दुसरा कुठलाही महिना आलेला नाही.

यावर बाईंनी काढलेला उपाय अगदी घरगुती होता. मजुरी जर आठवड्याला येते, तर बिलही आठवड्याला बाजूला काढायचं. गेल्या बारा महिन्यांची बिलं घ्यायची, बेरीज करायची आणि बावन्नानं भागायची. येईल तो आकडा मजुरीच्या दिवशी डब्यात. हिवाळ्यात बिल कमी येतं तेव्हा डब्यात पैसे उरतात. ते किराण्याकडं वळवायचे नाहीत, ते उन्हाळ्याचे. ज्यांना घरात पैसे ठेवणं धोक्याचं वाटतं त्यांनी ते आगाऊ भरावेत. आगाऊ भरलेली रक्कम ग्राहकाच्या खात्यावर जमा राहते आणि पुढच्या बिलातून वळती होते. बचतगटातल्या काही बायकांनी तर गटाच्या आठवडी बैठकीलाच लाईटचा वेगळा डबा ठेवला. त्या गटांतल्या बायका नंतर आमच्या टेबलाशी क्वचितच आल्या, आणि आल्या त्या दुसऱ्या कुणाला घेऊन.

आता बिल वाचू. आपण सगळे फक्त शेवटचा ठळक आकडा वाचतो. खरं बिल वरून वाचायचं असतं. सगळ्यांत आधी चालू रीडिंग आणि मागील रीडिंग. या दोन्हींतला फरक म्हणजे वापरलेले युनिट. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी घर बंद, मीटर नादुरुस्त किंवा रीडिंग घेतलं नाही अशा अर्थाचा शेरा असेल, तर ते बिल अंदाजानं काढलेलं, सरासरीचं आहे. मग मीटरजवळ जाऊन स्वतः आकडा बघायचा. नंतर येतात आकार. स्थिर आकार वापर शून्य असला तरी लागतो. वीज आकार युनिटवर लागतो. वहन आकार वीज आपल्या घरापर्यंत आणण्याचा. इंधन समायोजन आकार वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणं कमीजास्त होतो. या सगळ्यांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क, ते राज्य शासनाचं. खाली थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज. तळाशी तीन तारखा आणि तीन रकमा. लवकरच्या तारखेपर्यंत भरलं तर थोडी सूट, मुदतीत भरलं तर ठरलेली रक्कम, मुदत चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार. एक दिवस उशीर झाला तरी तो सव्वा टक्का लागतोच, म्हणून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची.

यात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट टप्प्यांची आहे. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १ ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे चार टप्पे आहेत. अनेक घरांत समज असा की शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळी युनिटं महाग होतात. तसं नाही. पहिली शंभर युनिटं पहिल्याच दरानं राहतात, वरची तेवढी दुसऱ्या दरानं मोजली जातात. मात्र दुसऱ्या टप्प्याचा दर गेल्या काही वर्षांत पहिल्याच्या दुपटीच्या आसपास राहिला आहे. याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या घराचा वापर १२० युनिट आहे, त्या घरानं वीस युनिट वाचवली तर ती महागडी वीस युनिट वाचतात, म्हणजे पहिल्या टप्प्यातली चाळीस वाचवल्यासारखं आहे. गरिबाच्या घरात काटकसरीची खरी जागा या शंभराच्या रेषेवर आहे.

ती वीस युनिटं कुठून आणायची? हिशेब सोपा आहे. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. जुना ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट घेतो. तोच पंखा बीएलडीसी मोटरचा, ३० वॅटचा असेल तर ११ युनिटही पूर्ण होत नाहीत. एका पंख्यामागं सोळा युनिटं वाचली. पाणी तापवायची १५०० वॅटची कांडी रोज चाळीस मिनिटं बादलीत राहिली तर महिन्याला ३० युनिट होतात. ६० वॅटचा पिवळा दिवा आणि ९ वॅटचा एलईडी यांत किती फरक आहे, हे २०१५ च्या उजाला योजनेनंतर घराघरांत कळलं आहे. पण पंख्याचा हिशेब अजून कळलेला नाही, कारण असा पंखा महाग पडतो. बाईंचा सल्ला असायचा की दिवाळीत बोनस मिळाला, भिशी लागली, तर साडीच्या आधी घरात सगळ्यांत जास्त चालणारा पंखा बदला. त्या नुसत्या बोलत राहिल्या नाहीत. त्यांनी व्हरांड्यातल्या टेबलापाशीच एक भिशी सुरू केली, आणि तिच्यातून दर महिन्याला एका घरात नवा पंखा जायचा.

इथं स्वयंपाकघराचाही उल्लेख करायला हवा. लाईट बिल भरलं की अनेक घरांत सिलिंडर पुढच्या महिन्यावर जातो. वीज तुटण्याची भीती असते, गॅस मागं राहिला तर कुणी तोडायला येत नाही. मग चूल पेटते आणि धूर त्या बाईच्या आणि लेकरांच्या छातीत जातो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनं गरीब घरांत शेगडी पोचली, हे मोठं काम आहे. पण शेगडी दारात येणं आणि १४.२ किलोचा सिलिंडर पुन्हा भरता येणं यांत अंतर आहे. म्हणून घराचा ऊर्जेचा हिशेब एकाच पानावर मांडा, वीज आणि गॅस शेजारी शेजारी. एकाचं बिल दुसऱ्याच्या पोटातून जात असेल, तर ते कागदावर दिसलं पाहिजे.

आता चुकलेल्या बिलांबद्दल. एक प्रसंग सांगते. आमच्याकडं एक विधवा बाई आली, विड्या वळणारी. मीटर वाड्याच्या बोळात, बोळाला कुलूप. सहा महिने रीडिंग झालं नव्हतं आणि किरकोळ सरासरीची बिलं येत होती. ती तिनं नियमित भरली. सातव्या महिन्यात कुणीतरी रीडिंग घेतलं आणि सहा महिन्यांची ४८० युनिटं एकाच महिन्याच्या नावावर पडली. बिल बघून तिचे हातपाय गळाले. गळ्यातले दोन मणी मोडायला काढले होते. बाईंनी कागदावर रेघा मारून तिला दाखवलं. ४८० युनिट एका महिन्याची धरली तर १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्या टप्प्यात आणि १८० तिसऱ्या टप्प्यात जातात. पण ही वीज सहा महिन्यांत वापरलेली आहे. सहांनी भागली तर महिन्याला ८० युनिट, म्हणजे एकही युनिट पहिल्या टप्प्याच्या बाहेर जात नाही. टप्प्याचा लाभ महिन्यानुसार मिळायला हवा आणि आधी भरलेली सरासरीची रक्कम वजा व्हायला हवी, एवढाच अर्ज लिहिला. कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन खेपांना "आधी भरा, मग बघू" असं उत्तर मिळालं. तिसऱ्या खेपेला अर्जाची पोच हातात होती आणि बिल दुरुस्त झालं. मणी पुन्हा दोऱ्यात गेले.

या प्रसंगातून मी तीन गोष्टी शिकले. तक्रार लेखी करायची. तिची पोच घ्यायची. आणि मीटरच्या आकड्याचा फोटो तारखेसह मोबाईलमध्ये ठेवायचा. महावितरणच्या ॲपवरून ग्राहकाला स्वतः रीडिंग पाठवता येतं, हे आता ज्याच्या घरात स्मार्टफोन आहे त्यानं वापरलंच पाहिजे. मीटर जोरात पळतो असं वाटलं तर तपासणीची मागणी करता येते. मीटर नादुरुस्त निघाला तर आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांची बिलं दुरुस्त करावीत, असा वीज नियामक आयोगाचा नियम आहे. वर्षानुवर्षांची वसुली त्या नावाखाली करता येत नाही.

साचलेल्या रीडिंगचं हे दुखणं २०२० मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं एकदम भोगलं. टाळेबंदीत रीडिंग थांबलं. एप्रिल-मेची बिलं त्याआधीच्या थंडीच्या महिन्यांच्या सरासरीनं निघाली, म्हणून ती कमी आली. माणसं मात्र उन्हाळ्यात घरातच होती. जूनमध्ये रीडिंग झालं आणि साऱ्या महिन्यांचा फरक एकाच बिलात आला. हाताला काम नव्हतं आणि हातात ते बिल. राज्यभर ओरड झाली. मग बिल तीन हप्त्यांत भरण्याची मुभा आणि एकरकमी भरणाऱ्यांना दोन टक्के सूट जाहीर झाली. त्या वेळी आमच्या टेबलाशी रांग लागली होती. बहुतेक बिलं हिशेबानं बरोबर होती. पण ती कशी आली हे कुणी माणसांना समजावून सांगितलं नव्हतं. बिल बरोबर असणं पुरेसं नसतं, ते ज्यानं भरायचं त्याला कळलंही पाहिजे.

आता कायद्याकडं येते, कारण भीती सगळ्यांत जास्त तिथं आहे. "उद्या लाईट कापणार" या एका वाक्यावर माणसं सावकाराकडं धावतात. वीज कायदा २००३ चं कलम ५६ काय म्हणतं ते प्रत्येकानं पाठ करावं. बिल थकलं म्हणून वीज तोडायची असेल तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहक आपला निषेध नोंदवून रक्कम भरू शकतो. किती? मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती. एवढं भरलं की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. चाळीस हजारांचं चुकीचं बिल आलं आणि नेहमीचं बिल आठशेचं असलं, तरी त्या घराला चाळीस हजार उभे करण्याची गरज नाही. याच कलमात दोन वर्षांची मर्यादाही आहे. जी रक्कम बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नाही, ती देय झाल्यापासून दोन वर्षं उलटल्यावर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. वसुलीचे दुसरे मार्ग कंपनीला खुले राहतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून मी कुणालाही "दोन वर्षं थांब, माफ होईल" असा सल्ला देत नाही. देणं ते देणंच.

कार्यालयात दाद लागली नाही तर पुढं ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, मुंबईला आणि नागपूरला. तिथं वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत मंचाकडं जायला हवं. मी स्वतः सातवी-आठवी शिकलेल्या बायकांना मंचासमोर उभं राहून आपलं बिल समजावून सांगताना पाहिलं आहे. परत येताना त्यांची चाल बदललेली असते.

भाडेकरूंची गोष्ट वेगळी आहे. एका मीटरवर पाच खोल्या आणि मालक युनिटला मनाला येईल तो दर लावतो. पाच घरांचा वापर एका मीटरवर पडला की तो वरच्या टप्प्यात जातो आणि त्याचा भार सगळ्यांत कमी वीज वापरणाऱ्या घरावरही पडतो. भाडेकरूला स्वतःच्या नावानं जोडणी मागता येते. वीज ही मूलभूत गरज आहे आणि घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून ती नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं आहे. भाड्याच्या वादात मालकानं लाईट तोडली, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २९ भाडेकरूच्या बाजूनं उभं आहे. घरात शिलाई मशीन असेल, पापड लाटत असाल, तरी व्यावसायिक दराला घाबरू नका. महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत असणाऱ्या घराला अशा छोट्या कामासाठी घरगुती दराची मुभा दरपत्रकातच आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाचा वापर महिन्याला सरासरी ३० युनिटांच्या आत असेल तर त्याचा दर वेगळा आणि फार कमी असतो. रेशनकार्ड कपाटात आणि बिल साध्या दराचं, अशी कितीतरी घरं आम्हाला सापडली.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असे मेसेज २०२२ पासून देशभर फिरत आहेत. ते चोरांचे असतात. वैयक्तिक मोबाईल नंबरवरून आलेल्या अशा मेसेजला उत्तर देऊ नका, सांगितलेलं ॲप घेऊ नका. खात्री करायची तर १९१२ वर किंवा कार्यालयात करा. आणि थकबाकीत सापडलेल्याला गल्लीतलं कुणीतरी आकडा टाकायला किंवा मीटरमध्ये फेरफार करायला सुचवतं. त्या वाटेला जाऊ नका. वीज कायद्याच्या कलम १३५ खाली तो गुन्हा आहे, दंड चोरीतून झालेल्या फायद्याच्या किमान तिप्पट असतो. शिवाय आकड्याच्या उघड्या वायरीनं पावसाळ्यात माणसं मरतात. थकबाकीतून माणूस बाहेर येतो, त्या वायरीतून येत नाही.

वीज तुटलीच असेल तरी मार्ग संपत नाही. तात्पुरती तोडलेली वीज थकबाकी आणि जोडणीचा आकार भरून परत जोडता येते, म्हणून ती कायमची खंडित होण्याआधी हालचाल करा. कायमची खंडित झालेल्यांसाठी शासन आणि महावितरण अधूनमधून अभय योजना काढतात. २०२२ मध्ये विलासराव देशमुख अभय योजना होती आणि २०२४ मध्ये पुन्हा तशीच योजना आली. दोन्हींत व्याज आणि विलंब आकार माफ होता, मुद्दल भरायचं होतं. घरगुतीसारख्या लघुदाबाच्या ग्राहकानं एकरकमी भरलं तर मुद्दलात १० टक्के सूट होती, नाहीतर ३० टक्के आधी आणि बाकी सहा हप्त्यांत. अशा योजनेची बातमी वस्तीत पोचवणं हे वाचनालयांचं, मंडळांचं, बचतगटांचं काम आहे.

पण याच योजनांमुळं मला एक प्रश्न पडतो आणि तो मी या व्यासपीठावरून मांडते. वीज कायमची तुटल्यावर, अंधारात वर्ष-दोन वर्षं काढल्यावर व्याज माफ होतं आणि हप्ते मिळतात. मग ज्या महिन्यात बिल पहिल्यांदा चुकलं त्याच महिन्यात हप्ते का मिळू नयेत? आज हप्ते मागता येतात, पण देणं न देणं साहेबांच्या मर्जीवर असतं. मागायचे कसे हे माहीत असलेल्यालाच ते मिळतात. सुरक्षा ठेवीची वाढीव रक्कम सहा हप्त्यांत भरण्याची सोय २०२१ च्या नियमांत लिहिलेली आहे. तशीच सोय कमी वापराच्या घरगुती ग्राहकाच्या पहिल्या थकबाकीला, हक्क म्हणून, बिलाच्या पाठीवर छापून मिळावी. कंपनीचंही त्यात नुकसान नाही. तीन हप्त्यांत येणारे पैसे बुडालेल्या पैशांपेक्षा केव्हाही बरे. आणि वस्तीत वीज तोडायला जाणाऱ्या वायरमनला शिव्या खाव्या लागतात, कधी मारही. तोही कामगारच आहे. त्याच्या वाट्याचा तो प्रसंगही टळेल.

अशी मागणी मांडायला जागा आहे. दरवाढीचा प्रस्ताव आला की वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जनसुनावण्या घेतो. तिथं उद्योगांचे प्रतिनिधी जाडजूड फायली घेऊन येतात. घरगुती ग्राहकांच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या असतात. नव्वदच्या दशकात दाभोळच्या वीज करारातले आकडे पुण्याच्या प्रयास गटातल्या गिरीश संत यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य माणसाच्या बाजूनं तपासून मांडले. विजेचा हिशेब हा नागरिकाचा विषय आहे, हे त्यांच्या कामानं महाराष्ट्राला दाखवलं. व्हरांड्यातलं आमचं टेबल त्या कामापुढं फार लहान आहे, पण वाट तीच आहे.

बाई गेल्या त्याच्या आदल्या रविवारीही त्या टेबलावर होत्या. त्या दिवशी शेवटी आलेल्या बाईचं एकच बिल थकलं होतं, मागच्याच महिन्याचं. ती संकोचून म्हणाली, "एवढ्याशासाठी आले, रागावू नका." बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "वहीत लिही, आज पहिल्यांदा कुणीतरी वेळेवर आलं."

इथून घरी गेल्यावर आपल्या घरचं बिल काढा आणि वरून खालपर्यंत वाचा. मग शेजारच्या घरी विचारा, त्यांचं एखादं बिल राहिलं आहे का. राहिलं असेल तर त्यांना लाज वाटू देऊ नका, त्यांच्यासोबत बसा, अर्ज लिहा, कार्यालयात बरोबर जा. आमचं टेबल दर रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात असतं. थकबाकीच्या पहिल्याच महिन्यात या.